नोकरी सुटल्यावर येणारं पाकीट

सकाळी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची एक मीटिंग अचानक उगवते. मीटिंगमध्ये मॅनेजरच्या शेजारी एचआरची व्यक्ती बसलेली असते. दुपारपर्यंत लॅपटॉप बंद झालेला असतो. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या कितीतरी मराठी घरांनी हा दिवस पाहिला आहे. त्या संध्याकाळी बोलणं होतं ते व्हिसाचं, घराच्या हप्त्याचं, आणि पुण्याला आईबाबांना सांगायचं की इतक्यात नाही, याचं. विम्याचा विषय निघतो चार-सहा आठवड्यांनी. मुलाला ताप येतो, डॉक्टरकडच्या काउंटरवर कार्ड पुढे केलं जातं, आणि पलीकडून उत्तर येतं की हा विमा आता चालू नाही.

मधल्या काळात टपालाने एक जाड पाकीट येऊन गेलेलं असतं. त्यावर कंपनीचं नाव नसतं, कुठल्यातरी अनोळखी संस्थेचं असतं. जाहिरात असेल म्हणून ते बाजूला पडतं, किंवा सोडलेल्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर जाऊन पडतं.

हा लेख त्या पाकिटाबद्दल आहे. ते पाठवणं मालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मिळणं तुमचा हक्क आहे. पण कायदा पाकीट पाठवायची सक्ती करतो, ते तुमच्या हातात पडेल याची हमी घेत नाही. शिवाय ते अगदी कायद्याच्या मुदतीत निघालं, तरी तोवर दुसरे चांगले पर्याय हातून निसटलेले असू शकतात. म्हणून कोणी, कुणाला, किती दिवसांत काय कळवायचं हे नोकरी शाबूत असतानाच माहीत असायला हवं.

कायदा कोणता, आणि तो कुणाला लागू

१९८६ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या सहीने एक लांबलचक अर्थसंकल्पीय कायदा झाला. त्याचं नाव कन्सॉलिडेटेड ऑम्निबस बजेट रिकन्सिलिएशन अ‍ॅक्ट. त्याच्या आद्याक्षरांवरून लोक त्याला 'कोब्रा' म्हणतात. त्यातल्या एका भागाने असा हक्क दिला की नोकरी सुटली तरी कंपनीचा गट-आरोग्यविमा ठरावीक काळ, स्वतःच्या खर्चाने, पुढे चालू ठेवता येईल. विमा तोच, डॉक्टर तेच, रुग्णालयांचं नेटवर्क तेच. वर्षभरात डिडक्टिबलपोटी जे पैसे भरून झाले असतील तेही जमेस राहतात.

आदल्या वर्षीच्या कामकाजाच्या निम्म्याहून अधिक दिवशी ज्यांच्याकडे किमान २० कर्मचारी होते, अशा खासगी मालकांना हा कायदा लागू होतो. अर्धवेळ काम करणारे त्या प्रमाणात अपूर्णांकाने मोजतात. राज्य सरकारं आणि स्थानिक संस्थांच्या विमायोजनांनाही तो लागू आहे.

आपल्याकडे बरेच जण एका कंपनीच्या पगारावर असतात आणि काम दुसऱ्या कंपनीत करतात. अशा वेळी क्लायंट कितीही मोठा असला तरी तो मोजायचा नसतो. तुमचा मालक कोण, म्हणजे पगार आणि विमा कुणाकडून मिळतो, ते पाहायचं. आठ-दहा माणसांची कन्सल्टन्सी असेल तर तिला केंद्रीय कायदा लागू होत नाही. तिथे राज्याचा कायदा बघावा लागतो. कॅलिफोर्नियात २ ते १९ कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांसाठी 'कॅल-कोब्रा' आहे आणि त्याची मुदत ३६ महिन्यांपर्यंत जाते. न्यूयॉर्कमध्येही छोट्या मालकांकडचा विमा ३६ महिन्यांपर्यंत चालवता येतो. टेक्सासमध्ये ही मुदत ९ महिने आहे, जॉर्जियात अवघे ३. म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मित्राने सांगितलेलं डॅलसमध्ये लागू होईलच असं धरून चालू नका.

हक्क कधी मिळतो? नोकरी गेली किंवा कामाचे तास कमी होऊन विमा गेला, तर १८ महिने. इथे एक गैरसमज दूर करायला हवा: राजीनामा देऊन स्वतःहून नोकरी सोडली, तरी हा हक्क आहे. काम समाधानकारक नाही म्हणून काढलं, तरीही आहे. फक्त गंभीर गैरवर्तनामुळे काढलं असेल तर तो नाकारता येतो. कर्मचाऱ्याचा मृत्यू, घटस्फोट, कायदेशीर विभक्ती, कर्मचाऱ्याचा मेडिकेअरमध्ये प्रवेश, किंवा मुलाने आश्रिताची वयोमर्यादा ओलांडणं, या कारणांनी विमा गेला तर जोडीदाराला आणि मुलांना ३६ महिने मिळू शकतात. ती वयोमर्यादा आज सर्वसाधारणपणे २६ वर्षं आहे.

कोण कुणाला कळवतं

कळवण्याची साखळी तीन कड्यांची आहे, आणि बहुतेक घोळ या कड्यांच्या सांध्यात होतो.

पहिली कडी नोकरीच्या सुरुवातीची. विमा सुरू झाल्यापासून ९० दिवसांत कर्मचाऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला एक सर्वसाधारण सूचनापत्र मिळायला हवं. विमा गेलाच तर तुमचे हक्क काय, कुणाला कळवायचं, कोणत्या पत्त्यावर, हे सगळं त्यात असतं. नव्या नोकरीच्या गडबडीत ते कुणी वाचत नाही. ते वाचा, आणि निदान जपून ठेवा.

दुसरी कडी मालकाची. नोकरी सुटली, तास घटले, कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला किंवा तो मेडिकेअरमध्ये गेला, तर मालकाने ३० दिवसांत विमायोजनेच्या प्रशासकाला कळवायचं असतं. इथे तुम्ही काही करायचं नसतं. जबाबदारी पूर्णपणे मालकाची.

तिसरी कडी प्रशासकाची. मालकाकडून कळल्यापासून १४ दिवसांत त्याने तुम्हाला निवडीचं सूचनापत्र पाठवायचं. हेच ते जाड पाकीट. विमा पुढे चालवायचा की नाही, हप्ता किती, पैसे कुठे पाठवायचे, शेवटची तारीख कोणती, हे सगळं त्यात असतं. पुष्कळ ठिकाणी मालक स्वतःच कागदोपत्री प्रशासक असतो. तेव्हा ३० आणि १४ मिळून ४४ दिवस धरतात. काही योजनांमध्ये हे दिवस नोकरी सुटल्यापासून नव्हे, तर प्रत्यक्ष विमा संपल्यापासून मोजतात. तुमच्या योजनेत काय आहे, ते योजनेच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं.

पाकीट निघाल्यापासून, किंवा विमा संपल्यापासून, यातलं जे नंतर घडेल तिथून निवड करायला तुम्हाला किमान ६० दिवस मिळतात. निवड केल्यावर पहिला हप्ता भरायला आणखी ४५ दिवस. त्यानंतरच्या प्रत्येक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. वेळेत निवड केली आणि पैसे भरले, की विमा मागच्या तारखेपासून, म्हणजे तो तुटला त्या दिवसापासून, जोडला जातो. मधे एकाही दिवसाची फट राहत नाही.

आता तारखा कागदावर मांडू

नियम ऐकताना भरपूर वेळ आहे असं वाटतं. म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा १० मार्चला नोकरी गेली आणि विमा महिनाअखेर, ३१ मार्चला संपला. मालकच प्रशासक आहे आणि त्याने सगळे ४४ दिवस वापरले. पाकीट २३ एप्रिलला निघालं. निवडीची मुदत तिथून ६० दिवस, म्हणजे २२ जूनपर्यंत. अगदी शेवटच्या दिवशी फॉर्म पाठवला तर पहिला हप्ता भरायची मुदत ६ ऑगस्ट. मार्चमध्ये गेलेल्या नोकरीचा विमा ऑगस्टमध्ये पैसे भरून १ एप्रिलपासून चालू होऊ शकतो.

हे दिलासा देणारं आहे, पण याच कॅलेंडरवर दुसऱ्या तारखाही पळत असतात. तुमचा जोडीदार नोकरी करत असेल आणि त्याच्या कंपनीच्या विम्यात तुम्हाला शिरायचं असेल, तर विमा गेल्यापासून निदान ३० दिवस मिळतात, आणि बऱ्याच कंपन्या त्याहून एक दिवसही जास्त देत नाहीत. म्हणजे आपल्या उदाहरणात ३० एप्रिल. पाकीट २३ एप्रिलला निघालंय आणि टपालाने यायला तीन-चार दिवस लागले, तर ते हातात पडेपर्यंत हे दार जवळजवळ बंद झालेलं असतं. आणि यात मालकाने एकही नियम मोडलेला नसतो.

तिसरं दार सरकारी विमाबाजाराचं, म्हणजे हेल्थकेअर डॉट गव्ह किंवा राज्याच्या स्वतःच्या संकेतस्थळाचं. नोकरीचा विमा गेला की तिथे विशेष नोंदणीची खिडकी उघडते: विमा जाण्याआधीचे ६० दिवस आणि नंतरचे ६० दिवस. आपल्या उदाहरणात ती ३० मेला बंद होते. इथला विमा मागच्या तारखेपासून मिळत नाही, निवड केल्यावर साधारणपणे पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होतो. म्हणून विमा संपायच्या आधीच अर्ज केला तर खंड पडत नाही.

तेव्हा नोकरी गेली त्याच आठवड्यात कॅलेंडरवर तीन तारखा लाल पेनाने लिहा: विमा संपण्याचा दिवस, त्यानंतरचा तिसावा दिवस आणि साठावा दिवस. त्या तुमच्या हातात आहेत. पाकिटाची तारीख मालकाच्या हातात आहे.

हक्क घरातल्या प्रत्येकाचा स्वतंत्र आहे

मला सर्वांत जास्त कळकळीने हा मुद्दा सांगायचा आहे, कारण आपल्या घरांमध्ये तो हमखास दुर्लक्षिला जातो. विमा ज्याच्या नोकरीचा, सगळे कागद त्याचेच, अशी आपली सवय असते. कायदा तसं मानत नाही. ज्या घटनेमुळे विमा गेला तिच्या आदल्या दिवशी त्या योजनेत असलेला जोडीदार आणि प्रत्येक मूल यांना निवडीचा स्वतंत्र हक्क आहे. कर्मचाऱ्याने नको म्हटलं तरी पत्नी फक्त स्वतःसाठी विमा चालू ठेवू शकते. आईवडील फक्त एका मुलासाठी तो चालू ठेवू शकतात.

याचा व्यवहारात फार उपयोग होतो. समजा सातवा महिना चालू आहे आणि पतीची नोकरी गेली. चौघांच्या घराचा विमा चालू ठेवणं परवडणार नाही, पण एकटीचा परवडेल. तेच डॉक्टर, तेच रुग्णालय, आणि डिडक्टिबल भरून झालेलं. बाकीच्यांनी बाजारातला स्वस्त विमा घ्यावा आणि तिने कोब्रा घ्यावा, हा पूर्णपणे वैध मार्ग आहे. त्या काळात जन्मलेलं बाळही योजनेच्या नियमांप्रमाणे वेळेत कळवलं तर त्या विम्यात येतं.

म्हणून सूचनापत्र जोडीदाराच्या नावानेही यायला हवं. दोघं एकाच पत्त्यावर राहत असतील तर दोघांची नावं असलेलं एक पाकीट चालतं. वेगळे राहत असतील आणि योजनेला ते माहीत असेल, तर वेगळं पाठवावं लागतं. ऑफिसात कर्मचाऱ्याच्या हातात कागद दिला म्हणजे घरी असलेल्या पत्नीला कळवलं, असं होत नाही. एच-४ व्हिसावर घर सांभाळणाऱ्या भगिनींना माझं सांगणं आहे: तुमच्या नावाचं प्रत्येक पाकीट तुम्ही स्वतः उघडा. त्यातला हक्क तुमचा आहे आणि त्यासाठी सही तुमची चालते.

जिथे कळवण्याची जबाबदारी आपली आहे

काही घटना मालकाला कळायचं कारणच नसतं. घटस्फोट झाला, कायदेशीर विभक्ती झाली, मुलाचं वय उलटलं, तर ते योजनेला कळवायचं काम कुटुंबाचं असतं. त्यासाठी योजनेला निदान ६० दिवस द्यावे लागतात. त्या मुदतीत कळवलं नाही तर ३६ महिन्यांचा हक्क हातचा जातो आणि मग मालकाकडे बोट दाखवता येत नाही.

घटस्फोटाच्या काळात हे सुचणं अवघड असतं. वकील, मुलांचा ताबा, व्हिसाची काळजी, यात विमा कुठे आठवणार? पण नेमकी तेव्हाच त्याची गरज असते, कारण विमा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नोकरीचा असतो. निकालाची प्रत हाती आली की योजनेच्या प्रशासकाला लेखी कळवा. समोरची व्यक्ती कळवेल यावर विसंबू नका. वकिलाला पहिल्या भेटीतच हा प्रश्न विचारून ठेवा.

गंभीर अपंगत्वाच्या बाबतीतही असंच आहे. कोब्राच्या पहिल्या ६० दिवसांत कुटुंबातली विमाधारक व्यक्ती अपंग होती असं सोशल सिक्युरिटी प्रशासनाने ठरवलं, तर १८ महिन्यांची मुदत २९ महिन्यांपर्यंत वाढू शकते. मात्र त्या निर्णयाची प्रत वेळेत योजनेकडे पोचवावी लागते. साधारणपणे निर्णयानंतर ६० दिवसांत आणि मूळ १८ महिने संपायच्या आत.

हप्ता किती, आणि घ्यायचा की नाही

कोब्राचा आकडा पाहून पहिल्यांदा धक्का बसतो. नोकरीत असताना पगारातून जे कापलं जायचं तो पूर्ण हप्ता नव्हता, मोठा वाटा कंपनी भरायची. आता पूर्ण हप्ता आणि वर २ टक्के व्यवस्थापन खर्च, म्हणजे योजनेच्या खर्चाच्या १०२ टक्क्यांपर्यंत रक्कम तुमच्याकडून घेता येते. समजा कुटुंबाचा खरा हप्ता महिना २,००० डॉलर होता आणि तुमच्या पगारातून ५०० जायचे. आता २,०४० भरावे लागतील. तीन महिन्यांचे ६,१२०. अपंगत्वामुळे वाढलेल्या महिन्यांत ही मर्यादा १५० टक्के आहे.

निर्णय आकड्यावर न घेता घराच्या स्थितीवर घ्या. उपचार अर्ध्यावर असतील, प्रसूती जवळ आली असेल, वर्षाचं डिडक्टिबल भरून झालं असेल, तर महाग वाटणारा कोब्राच स्वस्त पडू शकतो. सगळे धडधाकट असतील तर विमाबाजाराचे आकडे शेजारी ठेवून पाहा. दातांचा आणि डोळ्यांचा विमा वेगळ्या योजनेत असेल तर तेवढाच घेता येतो का तेही पाहा. हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये पैसे साठवले असतील तर त्यातून कोब्राचा हप्ता कर न लागता भरता येतो, आणि ते खातं नोकरी सुटली तरी तुमचंच राहतं.

एक सापळा मात्र ओळखून ठेवा. कोब्रा घेतला, चार महिन्यांनी जड वाटला आणि हप्ता भरणं बंद केलं, तर त्या कारणाने विमाबाजाराची विशेष खिडकी पुन्हा उघडत नाही. शरद ऋतूतल्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. कोब्राची मुदत पूर्ण संपली, किंवा कंपनी भरत असलेला वाटा तिने थांबवला, तर ती खिडकी उघडते.

सेव्हरन्सच्या कागदात 'कंपनी तीन महिने कोब्रा भरेल' असं लिहिलं असेल तर लगेच विचारा: मी फॉर्म भरून निवड करायची आहे का? बहुधा करावीच लागते. कंपनी पैसे देणार म्हणून फॉर्म न भरता थांबलात, तर विमा चालू होत नाही.

कोविडच्या काळातल्या जुन्या सल्ल्यांपासूनही सावध राहा. २०२१ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर अनेकांना कोब्राचा पूर्ण हप्ता सरकारी मदतीने मिळाला, आणि मुदतीही लांबवल्या होत्या. ती मदत संपली, लांबवलेल्या मुदतीही २०२३ मध्ये संपल्या. आज ६० दिवस म्हणजे ६० दिवसच.

व्हिसाचे साठ दिवस वेगळे

एच-१बी वर असलेल्यांच्या मनात 'साठ दिवस' या शब्दांचा एकच अर्थ असतो: नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळणारी सवलत. आपल्या उदाहरणात ती १० मार्चपासून मोजून ९ मेपर्यंत, आणि आय-९४ ची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढ्यापुरतीच. विम्याच्या निवडीचे साठ दिवस निराळे. त्यांची सुरुवात निराळी, शेवट निराळा. दोन्ही एकच समजून बसू नका.

कोब्राचा हक्क योजनेतल्या तुमच्या सहभागावर उभा आहे, व्हिसाच्या प्रकारावर नाही. एच-१बी आणि एच-४ धारकांना विमाबाजारातही विमा घेता येतो. मात्र तिथे मिळणाऱ्या करसवलतीचे नियम बदलले आहेत: २०२७ पासून ती सवलत ग्रीन कार्डधारक आणि आणखी काही मोजक्या गटांपुरतीच राहणार आहे. वर्क व्हिसावरच्या कुटुंबांनी हप्त्याचा हिशेब मांडताना हे ध्यानात ठेवावं.

पासष्टीच्या पुढे नोकरी करणाऱ्या आपल्या ज्येष्ठांसाठी एक इशारा. कोब्रा चालू आहे म्हणून मेडिकेअरचा भाग 'बी' घ्यायला थांबू नका. नोकरी किंवा नोकरीचा विमा संपल्यापासून ८ महिन्यांत नोंदणी झाली नाही, तर उशिराचा दंड कायमचा हप्त्याला चिकटू शकतो. मेडिकेअरच्या लेखी कोब्रा म्हणजे चालू नोकरीचा विमा नव्हे.

पाकीट आलंच नाही तर

आधी स्वतःकडे पाहा. शेवटच्या दिवशी पत्ता बरोबर होता का? नोकरी गेल्यावर लोक घर बदलतात, मित्राकडे राहतात, दुसऱ्या राज्यात जातात. कायद्याच्या दृष्टीने मालकाने शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर साध्या टपालाने पाकीट पाठवलं, तर सहसा त्याचं कर्तव्य पूर्ण होतं. म्हणून निरोपाच्या मीटिंगमध्येच नवा पत्ता आणि वैयक्तिक ईमेल लेखी द्या, आणि टपाल खात्यात पत्ता बदलल्याची नोंद करा.

त्याच मीटिंगमध्ये पाच प्रश्न विचारा. विमा नेमक्या कोणत्या तारखेला संपतो, आज की महिनाअखेर? प्रशासक कोण? पाकीट कुठल्या संस्थेच्या नावाने येईल? ते कधीपर्यंत निघेल? काही विचारायचं झालं तर संपर्क कुणाशी? उत्तरं तोंडी मिळाली तर त्याच संध्याकाळी वैयक्तिक ईमेलवरून 'आज आपण असं बोललो' असं लिहून पाठवा. ऑफिसचं ईमेल बंद झालं की तिथला पुरावाही जातो. पे-स्टब, विम्याचं कार्ड, माहितीपुस्तिका यांच्या प्रती आधीच घरी ठेवा.

मुदत उलटूनही काही आलं नाही, तर प्रशासकाला लेखी विचारणा करा आणि योजनेचे कागद मागा. लेखी मागणीनंतर ३० दिवसांत ते द्यावे लागतात. तरी दाद मिळाली नाही तर कामगार खात्याच्या एम्प्लॉयी बेनिफिट्स सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या विभागाला फोन करा: १-८६६-४४४-३२७२. तिथले सल्लागार विनामूल्य मदत करतात आणि बऱ्याचदा मालकाला स्वतः फोन करून अडलेलं काम मोकळं करतात. सूचनापत्र न देणाऱ्या प्रशासकाला न्यायालय दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. त्या काळात झालेला उपचाराचा खर्चही मागता येऊ शकतो, म्हणून प्रत्येक बिल जपून ठेवा.

एका परिस्थितीत मात्र कोब्रा मिळत नाही: कंपनीच पूर्ण बंद झाली, किंवा तिने सगळ्यांचीच विमायोजना गुंडाळली. चालवायला योजनाच उरत नाही, मग चालू काय ठेवणार? कंपनीची तब्येत ढासळते आहे असं दिसलं, तर विमाबाजाराची साठ दिवसांची खिडकी हाच तुमचा मुख्य आधार आहे. आणि कोब्रा चालू असताना तो मुदतीआधी संपवला जात असेल, तर कारण आणि तारीख देणारं पत्र प्रशासकाने शक्य तितक्या लवकर पाठवायलाच हवं.

तुम्हीच मालक असाल तर

न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत अनेक मराठी माणसांनी स्वतःच्या कंपन्या उभ्या केल्या आहेत. विसावा माणूस नोकरीवर घेताना हे कर्तव्यही आपल्या दारात आलं, हे ओळखा. कामगार खात्याने सूचनापत्रांचे तयार नमुने उपलब्ध करून दिले आहेत, ते वापरा. पाकीट जोडीदाराच्या नावानेही पाठवा. कधी, कुठे, काय पाठवलं याची नोंद आणि टपालाचा पुरावा ठेवा. बाहेरच्या संस्थेला काम दिलं तरी जबाबदारी तुमचीच राहते. चूक झाली तर करखात्याचा दंड प्रत्येक विमाधारकामागे दिवसाला १०० डॉलर, एका कुटुंबासाठी २०० पर्यंत असू शकतो.

पण दंडाच्या भीतीने हे करू नका. ४४ दिवस ही शेवटची मर्यादा आहे, सुरुवातीची नाही. ज्या दिवशी माणसाला काढता, त्याच आठवड्यात पाकीट निघालं तर त्याच्या घरापुढे सगळे पर्याय खुले राहतात. चाळिसाव्या दिवशी निघालं तर एक पर्याय संपत आलेला असतो. कायदा दोघांनीही पाळला, पण माणुसकी एकानेच.

परतीचा विचार असेल तर

काही कुटुंबं भारतात परतायचं ठरवतात. अमेरिकेतला विमा बहुधा तिथल्याच नेटवर्कमध्ये कामाचा असतो, पुण्यातल्या रुग्णालयात त्यावर विसंबून राहता येत नाही. भारतातल्या आरोग्यविम्यात आधीच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो, म्हणून परतण्याची तारीख ठरली की तिथल्या पॉलिसीची चौकशी सुरू करा. निघेपर्यंतचे आठवडे मात्र उघडे ठेवू नका. तिकीट काढलं, सामान बांधलं, आणि जायच्या चार दिवस आधी मूल घसरून पडलं, असं होऊ शकतं. निवडीची मुदत चालू असेल तर कोब्राचा फॉर्म तेव्हाही भरता येतो आणि विमा मागच्या तारखेपासून जोडता येतो.

हे सगळं आज करायचं काम आहे, नोकरी गेल्या दिवशीचं नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या दोघांनी बसून विम्याची माहितीपुस्तिका शोधा. प्रशासकाचं नाव आणि पत्ता एका कागदावर लिहा. कंपनीकडे दोघांचा पत्ता बरोबर आहे का ते पाहा. तो कागद पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा आणि तो कुठे आहे हे दोघांनाही माहीत असू द्या. वाईट दिवशी माणसाचं डोकं चालत नाही. त्या दिवशी टपालपेटीत कुणाचं नाव असलेलं पाकीट शोधायचं, एवढं तो कागद सांगेल. ते उघडायला दोघांपैकी एक जण तरी जागा असेल.